मजलिसचे दार आणि मिंबरची पायरी

अल्लाहच्या नावाने, जो अत्यंत कृपाळू व दयावंत आहे.



दिव्य कुरआनच्या सूरह अल-मुजादलामधील अकराव्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना मजलिसचा शिष्टाचार शिकविला आहे. बैठकीत जागा करून द्या असे सांगितले जाईल तेव्हा सरकून जागा करून द्या, अल्लाह तुमच्यासाठी जागा विस्तृत करील, असा तिच्या पहिल्या भागाचा आशय आहे. आणि त्याच आयतीच्या शेवटी असे सांगितले आहे की, तुमच्यापैकी ज्यांनी ईमान धारण केले व ज्यांना ज्ञान दिले गेले, त्यांचे दर्जे अल्लाह उंचावील. येणाऱ्याला जागा द्यावी ही एक आज्ञा, आणि ज्ञानाचा दर्जा वेगळा आहे हे एक सत्य. दोन्ही गोष्टी एकाच आयतीत शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत, हा योगायोग नव्हे. आज आपल्या धर्मशिक्षणाच्या बैठकांत नेमक्या याच दोन गोष्टींची ताटातूट झालेली दिसते, म्हणून या आयतीच्या प्रकाशात थोडा विचार करू या.

परभणी असो, जिंतूर असो, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड किंवा पूर्णा असो, आपल्या जिल्ह्यात धर्मज्ञानाच्या बैठकांची उणीव नाही. कोठे फज्र किंवा ईशाच्या नमाजनंतर मशिदीत दर्स होतो, कोठे आठवड्यातून एकदा मोहल्ल्यात इज्तिमा भरतो, कोठे घराच्या ओसरीवर भगिनी एकत्र जमून कुरआन समजून घेतात. या बैठका ही अल्लाहची मोठी देणगी आहे. परंतु त्यांच्याविषयी दोन तक्रारी वारंवार कानी पडतात, आणि त्या परस्परांच्या अगदी उलट आहेत.

पहिली तक्रार तरुणांची व कष्टकऱ्यांची असते. तेथे गेलो तर कोणी कपड्यांकडे पाहतो, कोणी उच्चाराला हसतो, एखादा प्रश्न विचारला तर एवढेही ठाऊक नाही का, असे म्हणतात. म्हणून आम्ही जात नाही. दुसरी तक्रार जाणत्या वडीलधाऱ्यांची असते. आता कोणीही उठतो आणि दीनवर बोलतो. ऐकीव गोष्ट हदीस म्हणून सांगितली जाते, मोबाइलवर आलेला मजकूर आयत म्हणून वाचला जातो, कोणी अडवीत नाही. म्हणून आम्ही जात नाही. पहिल्याचे म्हणणे असे की दार अरुंद आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की दाराला कवाडच उरलेले नाही. वाचकहो, दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, आणि एकाच बैठकीविषयी खरे असू शकते.

माणूस दूर जाणे ही लहान गोष्ट नव्हे

हजरत मुआज बिन जबल (रजि.) हे सहाबांमधील थोर ज्ञानी होते. ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मागे ईशाची नमाज अदा करीत आणि मग आपल्या कबिल्यात जाऊन लोकांची इमामत करीत. एके रात्री त्यांनी सूरह अल-बकराचे पठण सुरू केले. जमातीत एक कष्टकरी मनुष्य होता. दिवसभर उंटांनी पाणी ओढून तो शेत-बाग भिजवीत असे. एवढे दीर्घ पठण त्याला झेपेना. तो जमातीतून वेगळा झाला, एकट्याने नमाज अदा करून निघून गेला. हजरत मुआज (रजि.) यांनी त्याला मुनाफिक ठरविले. ही गोष्ट त्या माणसाच्या कानी गेली तेव्हा तो प्रेषितांकडे (स.) आला आणि त्याने आपली अडचण सांगितली की, आम्ही हातांनी काम करणारी, पाणी ओढणारी माणसे आहोत. प्रेषितांनी (स.) त्या मजुराला बोल लावला नाही. त्यांनी मुआज (रजि.) यांनाच तीनदा विचारले की, तू लोकांना संकटात टाकणारा आहेस काय? आणि सूरह अश-शम्स, सूरह अल-आला यांसारख्या आटोपशीर सूरह वाचण्यास सांगितले. हा प्रसंग सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेला आहे.

येथे थांबून विचार करा. मुआज (रजि.) यांनी कोणते वाईट कृत्य केले होते? त्यांनी कुरआनच वाचला होता आणि उत्तम वाचला होता. त्यांचा दर्जा उच्च होता, परंतु मागे उभ्या असलेल्या माणसाचे थकलेले पाय त्या दर्जाच्या हिशेबात नव्हते. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की, जो टिकू शकला नाही त्याच्या ईमानवरच शंका घेतली गेली.

आपल्याकडेही उंटाऐवजी विजेच्या मोटारीवर रात्री-बेरात्री पाणी देणारा शेतकरी आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची पाळी आली की तो रात्र बांधावर काढतो. मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये दिवसभर कापसाच्या धुळीत काम करणारा मजूर आहे. ऊसतोडीला जाऊन सहा महिन्यांनी गावी परतणारे कुटुंब आहे. असा माणूस ईशानंतरच्या दर्समध्ये पेंगला, अर्ध्यातून उठला, किंवा चार महिने दिसलाच नाही, तर त्याच्याविषयी आपल्या तोंडून काय निघते? तो नावाचा मुसलमान आहे, असे शब्द सहज निघून जातात. प्रेषितांनी (स.) ज्या शब्दांबद्दल मुआज (रजि.) यांच्यासारख्या सहाबींना फटकारले, ते शब्द आपल्या जिभेवर इतके स्वस्त का झाले आहेत?

चुकीचे उत्तर हीदेखील लहान गोष्ट नव्हे

आता दुसरी बाजू पाहा. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून एक हृदयद्रावक घटना आलेली आहे. काही सहाबा प्रवासात होते. त्यांच्यातील एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर स्नान अनिवार्य झाले. त्याने सोबत्यांना विचारले, मला तयम्मुमची सवलत आहे काय? ते म्हणाले, पाणी उपलब्ध आहे, तेव्हा तुला सवलत दिसत नाही. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी अत्यंत कठोर शब्द उच्चारले. त्यांच्या उत्तरानेच त्याचा जीव घेतला, असे त्यांनी म्हटले. ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारले का नाही? अज्ञानावर उपाय विचारणे हाच आहे, असे त्यांनी फर्माविले.

ही माणसे दुष्ट नव्हती. जखमी माणसाचे ते सोबती होते, हितचिंतक होते. त्यांनी फक्त एवढेच केले की, जे ठाऊक नव्हते त्याचे उत्तर दिले. आज तलाक, वारसा, व्याज, आजारपणातील रोजे, स्त्रियांचे हक्क अशा विषयांवर बैठकीत कोणी ठोकून उत्तर देतो आणि ऐकणारा त्यानुसार घर मोडतो, बहिणीचा हिस्सा गिळतो किंवा मधुमेहाने त्रस्त आईला रोजा ठेवायला भाग पाडतो. मनमिळाऊपणाच्या नावाखाली अशा बोलण्याला मोकळीक देणे ही माया नव्हे. त्या जखमी माणसाशी त्याचे सोबतीही मायेनेच बोलले असतील.

म्हणूनच आपल्या पूर्वसूरींनी ज्ञानाच्या बाबतीत एवढा काटेकोरपणा पाळला. एखादे वचन प्रेषितांचे (स.) म्हणून पुढे आले की कोणी ऐकले, कोणाकडून ऐकले, तो सत्यवचनी होता काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती, याची छाननी मुहद्दिसांनी केली. कारण प्रेषितांच्या (स.) नावे जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्याने आपले ठिकाण नरकात समजावे, हा इशारा त्यांच्यासमोर होता. मनुष्य जे जे ऐकतो ते ते सांगत सुटला, तर तेवढेच त्याला खोटा ठरविण्यास पुरेसे आहे, हेही सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत नोंदविलेले आहे. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत तर बातमी आली की आधी पडताळणी करा, अशी थेट आज्ञाच आहे.

दोन अमानती, दोन जागा

मग मार्ग कोणता? काही लोक म्हणतात, थोडी शिस्त सैल करा, थोडे स्वागत कमी करा, आणि मध्यावर या. मला वाटते, प्रेषितांच्या (स.) आचरणात असा अर्धा-अर्धा सौदा दिसत नाही. त्यांनी दोन्ही गोष्टी पूर्ण ठेवल्या, कारण त्यांनी दोहोंची जागा वेगळी ठेवली.

मस्जिदे नबवीत आलेल्या त्या खेडूत अरबाची घटना आपण सर्वांनी ऐकली आहे. त्याने मशिदीतच लघवी केली. लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना रोखले, त्याला मध्येच अडवू दिले नाही. परंतु घटना एवढ्यावर संपत नाही. त्यांनी त्या जागी पाण्याची बादली ओतण्यास सांगितले, आणि त्या माणसाला जवळ बोलावून समजाविले की, मशिदी या अल्लाहच्या स्मरणासाठी, नमाजसाठी व कुरआन-पठणासाठी आहेत, अशा घाणीसाठी नव्हेत. आणि सहाबांना बजाविले की, तुम्हाला सोपे करणारे म्हणून पाठविले आहे, अवघड करणारे म्हणून नव्हे. पाहा, माणसाचा अपमान झाला नाही आणि मशिदीची जमीनही अशुद्ध राहिली नाही. आपण एक तर माणसालाच बाहेर काढतो, नाही तर जमीन तशीच राहू देतो.

दुसरी घटना त्याहून बोलकी आहे. एक मनुष्य मशिदीत आला, घाईघाईने नमाज अदा केली आणि येऊन प्रेषितांना (स.) सलाम केला. त्यांनी सलामचे उत्तर दिले आणि सांगितले की, परत जा, पुन्हा नमाज अदा कर, कारण तुझी नमाज झाली नाही. असे तीनदा घडले. शेवटी तो म्हणाला, मला याहून चांगली येत नाही, मला शिकवा. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला उभे राहणे, पठण, रुकू, सजदा हे सर्व स्थिरतेने कसे करावे, ते एकेक करून शिकविले. येथे मापदंड किंचितही खाली आला नाही. झाली नाही, ती झाली नाही. परंतु प्रत्येक वेळी सलामचे उत्तर मिळाले. त्या माणसाला परत येण्याची वाट प्रत्येक वेळी मोकळी होती, आणि शेवटी ज्याने चूक दाखविली त्यानेच बसवून शिकविले. चूक दाखवून निघून जाणे हे तर कोणालाही जमते.

या सर्वांतून एक नियम हाती येतो. काटेकोरपणा बोलणाऱ्यासाठी आहे, बसणाऱ्यासाठी नव्हे. जो मिंबरवर चढतो, हदीस सांगतो, मसला सांगतो, त्याच्यासाठी पायरी उंच असावी. त्याने तयारी करावी, आधार सांगावा, ठाऊक नसेल तेथे थांबावे. आणि जो ऐकायला येतो, विचारायला येतो, त्याच्यासाठी दाराला उंबरठासुद्धा नसावा. आपण नेमके उलट केले आहे. विचारणाऱ्याची परीक्षा घेतो आणि सांगणाऱ्याला तसाच सोडून देतो.

हजरत उमर (रजि.) यांनी हे कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे. बद्रच्या युद्धात सहभागी झालेल्या ज्येष्ठांच्या मजलिसमध्ये ते तरुण अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांना बसवीत. काहींनी हरकत घेतली की, याच्या वयाची तर आमची मुले आहेत. उमर (रजि.) यांनी वाद घातला नाही. एके दिवशी त्यांनी सर्वांना सूरह अन-नस्रचा अर्थ विचारला. काहींनी वरवरचा अर्थ सांगितला, काही गप्प राहिले. इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितले की, यात प्रेषितांचा (स.) अंतकाळ जवळ आल्याची सूचना आहे. उमर (रजि.) म्हणाले की, मलाही हेच ठाऊक आहे. तरुणाला बसायला जागा आधी मिळाली; त्याच्या बोलण्याचे मोल ज्ञानाने ठरले, वयाने किंवा वशिल्याने नव्हे.

भाषेचा उंबरठा

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 1948 पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार उर्दूत चाले, अनेक शाळाही उर्दूच्या होत्या. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. ज्या घरातील आजोबा उर्दूत शिकले, त्याच घरातील अनेक नातवंडे आज मराठी शाळेत शिकतात. आजोबांना दर्सची भाषा सहज कळते. नातवाच्या डोक्यावरून जाते. त्याने मराठीत प्रश्न विचारला, किंवा त्याच्या तोंडी क़ाफ आणि काफ यांतील फरक उमटला नाही, की आसपास हसू पिकते. ते हसू क्षणाचे असते, परंतु कित्येक मुले त्यानंतर परत आलेली नाहीत.

सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीत सांगितले आहे की, अल्लाहने प्रत्येक प्रेषिताला त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठविले, जेणेकरून त्याने त्यांना स्पष्ट करून सांगावे. मग परभणीच्या मुलाला मराठीत समजावून सांगणे हा दर्जा खालावणे कसा ठरेल? होय, कुरआनचे पठण अरबीतच होईल आणि तजवीद शिकावीच लागेल. परंतु तेथेही प्रेषितांचा (स.) न्याय पाहा. हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार, जो कुरआन-पठणात निष्णात आहे तो आदरणीय फरिश्त्यांच्या सोबत असेल, आणि जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुहेरी पुण्य आहे. निष्णात वाचकाचे स्थान अबाधित राहिले आणि अडखळणारा रिकाम्या हाती गेला नाही. ज्याला अल्लाह दुहेरी मोबदला देतो, त्याला आपण हसावे काय?

चूक कशी सुधारावी

एक उदाहरण घेऊ. ज्ञान मिळविण्यासाठी चीनपर्यंत जावे, अशा अर्थाचे वचन हदीस म्हणून आपल्याकडे शाळांच्या समारंभांपासून निकाहच्या भाषणांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. अनेक मुहद्दिसांनी त्याची परंपरा अत्यंत कमकुवत किंवा निराधार ठरविली आहे. समजा, एखाद्या वयोवृद्ध चाचांनी मोठ्या प्रेमाने ते बैठकीत सांगितले. आता एक मार्ग असा की, एखाद्या तरुणाने सर्वांदेखत उठून ही हदीस खोटी आहे असे म्हणावे. वचन सुधारेल, परंतु चाचांचा पांढरा केस मातीत जाईल, आणि त्यांच्यासोबत आणखी दहा जण पुढच्या वेळी तोंड उघडणार नाहीत. दुसरा मार्ग गप्प बसण्याचा. मग तेच वचन दहा घरी प्रेषितांच्या (स.) नावे जाईल.

तिसरा मार्ग असा आहे की, बैठक संपल्यावर चाचांजवळ बसावे, आणि सांगावे की, आपण ज्ञानाची तळमळ सांगितली ती अगदी योग्य. इब्ने माजामध्ये हदीस आहे की ज्ञान मिळविणे प्रत्येक मुस्लिमावर अनिवार्य आहे. चीनच्या वचनाला आलिमांनी भक्कम आधार मानलेला नाही, तेव्हा पुढच्या वेळी आपण हीच हदीस सांगितली तर? पुढच्या बैठकीत चाचाच ती सांगतील. ज्याच्या हातून एक गोष्ट काढून घ्यावी लागते, त्याच्या हाती तिच्याहून चांगली गोष्ट ठेवावी.

हजरत मुआविया बिन हकम (रजि.) नवे मुसलमान होते. नमाजमध्ये कोणी शिंकले तेव्हा त्यांनी मोठ्याने दुआ दिली. लोक त्यांच्याकडे रोखून पाहू लागले, मांड्यांवर हात मारू लागले. ते गोंधळून गेले. नमाज संपल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना न रागावता, न झिडकारता, सांगितले की नमाजमध्ये लोकांचे बोलणे उचित नाही. मुआविया (रजि.) पुढे सांगत असत की, त्यांच्याहून उत्तम शिक्षक मी त्यापूर्वी पाहिला नाही आणि त्यानंतरही नाही. सूरह आले इमरानच्या 159 व्या आयतीत अल्लाहने स्वतः म्हटले आहे की, आपण कठोर व पाषाणहृदयी असता तर हे लोक आपल्याभोवतून पांगून गेले असते. प्रत्यक्ष प्रेषितांच्या (स.) भोवतूनही लोक पांगले असते, तर आपल्याभोवती ते का टिकावेत?

कोणी विचारील, मग जो मुद्दाम थट्टा करतो, भांडण लावतो, त्यालाही जागा द्यावी काय? नाही. सूरह अल-अनआमच्या 68 व्या आयतीत आदेश आहे की, जे अल्लाहच्या आयतींची टवाळी करीत असतील त्यांच्यापासून दूर व्हा. परंतु ते दुसऱ्या बोलण्याकडे वळेपर्यंत, अशी मुदतही तेथेच घातली आहे. टवाळी थांबली की दुराव्याचे कारण संपले. माणसावर कायमचा शिक्का मारण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही.

आपल्या हाती काय आहे

म्हणून, आदरणीय वाचकहो, या महिन्यात आपल्या मोहल्ल्याच्या बैठकीत थोड्या गोष्टी करून पाहा. जो येईल त्याला सलाम आधी करावा आणि सरकून जागा द्यावी, चौकशी मागाहून. बोलणाऱ्याने ग्रंथ सोबत ठेवावा आणि हदीस सांगताना संग्रहाचे नाव सांगावे. जे ठाऊक नाही त्याला ठाऊक नाही म्हणावे. इमाम मालिक (रह.) यांच्यासारखे महान इमाम कित्येक प्रश्नांना हेच उत्तर देत असत, आणि त्याने त्यांचा दर्जा उणावला नाही. असे प्रश्न वहीत लिहून ठेवावेत आणि जाणत्या आलिमांना विचारून पुढच्या बैठकीत उत्तर द्यावे. बैठक लांबवू नये, हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून फक्त गुरुवारी उपदेश करीत. भगिनींसाठी वेळ राखून ठेवावा, प्रेषितांच्या (स.) काळी स्त्रियांनी स्वतः मागणी करून आपल्यासाठी एक दिवस मिळविला होता. आणि एखादा शेजारी हिंदू किंवा बौद्ध बांधव ऐकू इच्छित असेल, तर त्याला मराठीत, सन्मानाने सांगावे.

आणि घरी परतल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा. कियामतच्या दिवशी अल्लाहने विचारले की, माझा अमुक दास तुझ्या शब्दामुळे माझ्या घरापासून दूर गेला, तर मी काय सांगेन? आणि विचारले की, माझ्या प्रेषिताच्या नावे तुझ्यासमोर खोटे सांगितले गेले आणि तू गप्प बसलास, तर काय सांगेन? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ज्याच्याजवळ असेल, त्याची मजलिस सुधारेल.

हे अल्लाह, आम्हाला उपयुक्त ज्ञान दे, ते सांगताना सत्यनिष्ठा दे आणि शिकविताना कोमल हृदय दे. आमच्या मजलिसी विस्तृत कर, आणि जे आमच्यामुळे दूर गेले त्यांना पुन्हा तुझ्या घराकडे आण. आमीन.